लवकर वयात येणारा सॅमन आणि धुळ्यात बनणारा प्रकाश-नियंत्रक

९ जून २०२५, अवधान एमआयडीसी, धुळे

काम पक्कं झालं. सॅमन माशांच्या चार टाक्यांसाठी प्रकाश-नियंत्रक बनवायचा आहे. प्रत्येक टाकीचा उजेड स्वतंत्र हवा आणि वर्षभर कुणी हात न लावता तो चालायला हवा. मागणी नॉर्वेतल्या बर्गनहून आली आहे. आतेभाऊ तिकडे ऑटोमेशनमध्ये आहे. त्याच्या ओळखीच्या एका छोट्या गटाला बाजारातला तयार माल परवडत नाही, आणि त्यात स्वतःला हवे ते फेरफारही करता येत नाहीत. आपल्याकडे पोल्ट्रीचे टायमर वर्षानुवर्षं बनतात, म्हणून त्यानं आपलं नाव सुचवलं. या नोंदी वर्कशॉपमधल्या सगळ्यांनी वाचायच्या आहेत. सर्किट जोडणाऱ्यालाही मासा थोडा कळलेला बरा.

पहिल्या मेलमधली मागणी एका ओळीची: चोवीस तास चालू, बारा-बारा आणि आठ-सोळा (आधी उजेडाचे तास, मग अंधाराचे), असे तीन पर्याय द्या. एवढंच असेल तर पोल्ट्रीच्या टायमरला नवी डबी घालून परवा कुरिअर करता येईल. पण माशाला चोवीस तास दिवा कशाला, असं विचारल्यावर भाऊ म्हणाला, "लवकर वयात येऊ नये म्हणून." शेजारी सोल्डरिंग करत बसलेल्या नानांनी मान वर केली, "मासास्ले रातभर उजेड? मंग त्या झोपतीन कवय?"

प्रश्न रास्त आहे. आधी मासा वाचून काढतो, मग सर्किट.

१४ जून

अटलांटिक सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो. काही काळ नदीत काढल्यावर अंगावर चांदीची झाक येते आणि शरीर खाऱ्या पाण्याला तयार होतं. या अवस्थेतल्या पिल्लाला स्मोल्ट म्हणतात. मग समुद्रात एक-दोन-तीन वर्षं खाऊन तो धष्टपुष्ट होतो आणि प्रजननासाठी परत नदीत येतो. समुद्रात एकच हिवाळा काढून परतणारा तो ग्रिल्स. काही नर तर समुद्राचं तोंडही पाहत नाहीत. नदीतच, बोटभर असतानाच वयात येतात आणि मोठ्या जोडीच्या मध्ये घुसून आपलं साधून घेतात. जंगली नदीत हा शहाणपणाचा डाव आहे. पाळणाऱ्याचं मात्र त्यात दिवाळं निघतं.

वयात येऊ लागलेला मासा खाणं सोडत जातो. वाढ थांबते आणि साठवलेली चरबी-प्रथिनं अंडाशयाकडे नाहीतर वृषणाकडे वळतात. मांसाला केशरी रंग देणारं अ‍ॅस्टाझँथिन मांसातून निघून कातडीत आणि अंड्यांत जातं, मांस फिकं आणि पाणचट होतं. नराचा खालचा जबडा आकड्यासारखा वळतो. समुद्राच्या पाण्यात क्षारांचा तोल सांभाळणं त्याला जड जातं, बुरशी लागते, मरतूक वाढते. कांद्याला डेंगळे आल्यावर जे होतं तेच हे: सगळा जोर दांड्यात जातो आणि कांदा हाताला लागत नाही.

नॉर्वेत हा धंदा १९७० च्या सुमारास हित्रा बेटावरच्या ग्रॉन्टव्हेट बंधूंनी उभा केला. आज तो देश वर्षाला १५ लाख टनांच्या आसपास सॅमन काढतो. समुद्रात सोडलेल्या जाळीच्या एका पिंजऱ्यात जास्तीत जास्त २ लाख मासे ठेवायची तिथे मुभा आहे. त्यातले शेकडा पाच जरी वेळेआधी वयात आले तरी दहा हजार मासे खालच्या प्रतीत गेले. दिव्यांवर खर्च का करतात, ते या हिशेबात दिसतं.

१९ जून, नवापूर

जुन्या टायमरच्या दुरुस्तीला गेलो होतो, पण पोल्ट्रीवाल्या शेठजींशी बोलणं मात्र या कामाचंच झालं. नवापूर म्हटलं की बाहेरच्यांना २००६ चा बर्ड फ्लू आठवतो. इथल्या माणसाला त्यानंतर पुन्हा उभे केलेले शेड आठवतात. लेयर पक्ष्याच्या, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबडीच्या, उजेडाबद्दल या लोकांना जेवढं कळतं तेवढं पुस्तकात सापडत नाही.

त्यांचा नियम सरळ आहे. पिल्लू वाढत असताना उजेडाचे तास वाढू द्यायचे नाहीत. सतरा-अठरा आठवड्यांचं झालं, वजन बसलं, की तास हळूहळू चढवत सोळापर्यंत न्यायचे. एकदा चढवले की उतरवायचे नाहीत. शेठजींच्या शब्दांत: "पुलेटला आधीच लाइट दिली तर अंडं लवकर दिसतं, पण गोटीएवढं. आणि प्रोलॅप्सनं पक्षी जातो तो वेगळा." (पुलेट म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, प्रोलॅप्स म्हणजे अंडनलिका बाहेर येणं.) म्हणजे घाईनं वयात आणण्याचा तोटा इथेही तोच.

दोन गोष्टी टिपून आणल्या. पहिली, कोंबडीचा ऋतू डोळ्यांवर अवलंबून नसतो. उजेड कवटीतून थेट मेंदूपर्यंत पोहोचतो आणि तिथल्या पेशी तो ओळखतात. सॅमनमध्येही तसंच आहे. टाळूखाली पिनियल नावाचा अवयव असतो, तो स्वतः उजेड ओळखतो आणि अंधारात मेलाटोनिन सोडतो. रात्र जितकी लांब तितका वेळ मेलाटोनिन जास्त, यावरून शरीराला ऋतू कळतो. दुसरी, शेठजींनी तासांच्या आधी वजनाचं नाव घेतलं. वजन बसलं नसेल तर नुसत्या उजेडानं भागत नाही.

पण कोंबडीत जास्त उजेड म्हणजे लवकर अंडं. मग सॅमनला चोवीस तास उजेड देऊन ही मंडळी त्याला थांबवतात कसं? परतीच्या बसमध्ये हेच डोक्यात होतं.

२४ जून

नैसर्गिक दिवसाची नक्कल करणारा चौथा पर्यायही द्यायचा ठरवलं. अक्षांश टाकला की त्या तारखेचा सूर्योदय-सूर्यास्त नियंत्रकानं स्वतः काढायचा. गणित शाळेतल्या त्रिकोणमितीचंच: अक्षांशाचा टॅन, सूर्याच्या क्रांतीचा (विषुववृत्तापासूनच्या त्याच्या कोनाचा) टॅन, दोघांचा गुणाकार, त्याचं उलट चिन्ह, आणि त्याच्या उलट कोसाइनवरून तासकोन, म्हणजे मध्यान्हापासून सूर्यास्तापर्यंतचा कोन.

धुळ्याला (साधारण २०.९ अंश उत्तर) सर्वांत लांब दिवस सुमारे १३ तास २३ मिनिटांचा, सर्वांत लहान सुमारे १० तास ५० मिनिटांचा. फरक अडीच तासांचा. बर्गनला (६०.४ अंश) जूनमध्ये दिवस १९ तासांचा आणि डिसेंबरात जेमतेम ६ तासांचा. आपला मासा ऋतू ओळखायला पावसाकडे आणि पाण्याच्या उबेकडे का बघतो आणि त्यांचा मासा सूर्याकडे का बघतो, हे या दोन ओळींत आलं.

उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोचा अक्षांश टाकून पाहिला तेव्हा गंमत झाली. ६९ अंशांच्या पुढे जूनमध्ये तो गुणाकार एकच्या वर जातो आणि उलट कोसाइन काढणारं फंक्शन 'संख्या नाही' असं परत देतं. त्या उत्तराची कशाशीही तुलना केली की निकाल कायम 'खोटं'. म्हणजे जिथे सूर्य मावळतच नाही तिथे आपला नियंत्रक दिवा बंद ठेवणार. सूत्राला उणे एक ते एक अशी कुंपणं घातली. आता तिथे उन्हाळ्यात अखंड दिवस आणि हिवाळ्यात अखंड रात्र बरोबर येते. टाक्या बर्गनलाच आहेत, पण उत्तरेकडे फिनमार्कपर्यंत सॅमनपालन चालतं. उद्या कुणी तिकडचा अक्षांश टाकला तर?

घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवरच धावेल. नॉर्वेत मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे-मागे करतात. माणसं करोत बापडी. माशाच्या रात्रीत एका झटक्यात तासाचा फरक पडता कामा नये.

१० जुलै

आज मत्स्य शेतकरी दिन. १९५७ मध्ये याच तारखेला हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पीयूषिकेचा (मेंदूखालच्या ग्रंथीचा) अर्क टोचून भारतीय कार्प माशाचं प्रजनन घडवलं. रोहू, कटला, मृगळ तळ्यात वयात येतात, अंड्यानं फुगतात, पण वाहत्या पुराशिवाय अंडी सोडत नाहीत. म्हणून ही सुई.

आपल्याकडचा सगळा खटाटोप माशाला अंडी घालायला लावण्यासाठी, आणि सॅमनवाल्यांचा तो रोखण्यासाठी. एवढंच लिहायचं होतं. पाऊस जोरात आहे, पांझरेला पाणी आलंय.

२२ जुलै

कोंबडी आणि सॅमन यांच्यातला उलटा मामला बऱ्यापैकी सुटला.

सॅमन प्रजननाचा निर्णय आयत्या वेळी घेत नाही. नोव्हेंबरात अंडी घालायची तर तयारीची पहिली चाचपणी आदल्या शरदातच होते: अंगात चरबी किती, वाढ कशी चालली आहे? पुरेसं असेल तर गाडी सुटते. पुढे वसंतात, दिवस वाढत असताना, दुसरी चाचपणी होते. तेव्हा साठा अपुरा असेल तर मासा त्या वर्षाचा बेत रद्द करतो आणि खात राहतो. या दोन क्षणांना संशोधक 'दरवाजे' म्हणतात. दरवाजा ठरावीक काळच उघडा असतो आणि त्याची वेळ माशाच्या आतल्या वार्षिक घड्याळावर ठरते.

पिंजऱ्यातल्या दिव्यांची करामत इथे आहे. भर हिवाळ्यात, जानेवारीच्या आसपास, पाण्यात दिवे सोडून रात्र नाहीशी केली की आतलं घड्याळ पुढे सरकतं. माशाला वाटतं वसंत आलाच. दुसरा दरवाजा वेळेआधी उघडतो आणि वेळेआधी बंदही होतो, आणि तेव्हा बहुतेक माशांच्या अंगात पुरेसा साठा जमलेलाच नसतो. त्यांचं वर्ष हुकतं. ज्यांचा साठा आधीच भरलेला असतो ते मात्र पुढे जातात, आणि नेहमीपेक्षा लवकर पिकतात. दिवे जूनपर्यंत चालू ठेवतात. तोवर बाहेरचा दिवसच इतका लांबलेला असतो की दिवा काढल्याचं माशाला फारसं जाणवत नाही.

थोडक्यात, इथे उजेड प्रजननाला दाबत नाही, तारीख चुकवतो. या वाक्यानं माझी बरीच रचना बदलणार आहे.

दिव्याच्या ताकदीचा मुद्दाही याच वाचनात आला. मासा निव्वळ उजेड-अंधार पाहत नाही, दिवसाच्या मानानं रात्र किती काळी आहे हे पाहतो. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री मिणमिणता दिवा असेल तर त्याच्या लेखी ती रात्रच. पिंजऱ्यांत पूर्वी ४०० आणि १००० वॅटचे मेटल हॅलाइड दिवे सोडत, आता एलईडी. लाल रंग वरच्या काही मीटरांतच विरतो, निळा-हिरवा खोल जातो. म्हणून तिकडचे दिवे बघितले की पाणी मोरपंखी दिसतं.

५ ऑगस्ट

कानबाईच्या सणामुळे काम बंद होतं. काल विसर्जन झालं, रोटाचा डबा वर्कशॉपमध्ये आला आहे, सगळ्यांनी घ्या. बर्गनला फोन झाला. 'दरवाजे' वगैरे सांगितल्यावर भाऊ हसला आणि म्हणाला, "अरे, ते पिंजऱ्यांचं झालं. आमच्या टाक्या बंदिस्त आणि उबदार आहेत. तिथे चोवीस तास उजेडानंच नर पिकतात."

म्हणजे पुन्हा उलटं. काही वाचायची यादी त्यानं पाठवली आहे.

११ ऑगस्ट

ही नोंद लांब होणार, कारण कामाचा गाभा हाच आहे.

समुद्रात सॅमनला लागणाऱ्या उवा आणि वादळं आहेत, म्हणून गेल्या काही वर्षांत मासा जास्त काळ जमिनीवरच्या टाक्यांत ठेवून, मोठा करून मग समुद्रात सोडायची पद्धत वाढली. पाणी गाळून पुन्हा वापरायचं, तापमान आपल्या हातात. काही जण तर समुद्रात नेतच नाहीत, चार-पाच किलोचा मासा टाकीतच तयार करतात. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या शेफर्ड्सटाउनच्या फ्रेशवॉटर इन्स्टिट्यूटनं अशा टाक्यांत सॅमन वाढवून पाहिला, तेव्हा नरांचं अकाली वयात येणं ही मोठी डोकेदुखी ठरली.

कारण कळायला स्मोल्ट कसा बनवतात ते पाहावं लागतं. पिल्लाला समुद्रासाठी तयार व्हायला 'हिवाळा गेला, वसंत आला' असा निरोप हवा असतो. टाकीत तो दिव्यानं देतात. आधी अखंड उजेड, मग साधारण सहा आठवडे लहान दिवस (बारा-बारा किंवा आठ-सोळा), मग पुन्हा अखंड उजेड. या क्रमानं पिल्लू चंदेरी होतं. आता गोची बघा. लहान दिवसांनंतर अचानक लांब दिवस हा निरोप स्मोल्ट होण्याचा आहे, तसाच वयात येण्याचाही आहे. निसर्गात त्या वेळी पाणी थंड असतं आणि पिल्लू किडकिडीत असतं, त्यामुळे दुसरा अर्थ लागू पडत नाही. टाकीत पाणी उबदार, खाद्य भरपूर, पिल्लू गुबगुबीत. शरद-वसंताचा निरोप मिळतो आणि चरबीची चाचपणीही पास होते. नर सुटतात.

बर्गनच्या उत्तरेला मात्रे इथे नॉर्वेच्या सागर संशोधन संस्थेचं केंद्र आहे. तिथल्या पेर गुनार फ्येल्डाल, टॉम हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हेच दाखवलं: अखंड उजेड आणि १६ अंशांचं पाणी एकत्र आलं की स्मोल्ट होताना किंवा लगेच नंतर नर वयात येऊ शकतात. नरच का? वृषण तयार करायला अंडाशयाच्या मानानं फार कमी साठा लागतो. मादीला तेवढं जमवायला वेळ लागतो.

म्हणजे एकच स्विच, चोवीस तास चालू, आणि परिणाम दोन. समुद्रातल्या पिंजऱ्यात जानेवारीत दाबला तर मासा थांबतो. उबदार टाकीत लहान दिवसांच्या पाठोपाठ दाबला तर नर पिकतो. तेव्हा 'किती तास' हा प्रश्नच अर्धवट आहे. कशानंतर, किती उबेत, किती वजनावर, हे सोबत विचारलं पाहिजे. नवापूरचे शेठजी हेच म्हणत होते, फक्त त्यांच्या धंद्यात एकच रस्ता असल्यामुळे नियम सोपा वाटतो.

नानांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मंग दिवाच मालवी दे ना भो." तेही चालत नाही. लहान दिवसांचा निरोप नीट मिळाला नाही तर पिल्लू समुद्राला तयार होत नाही, आणि अखंड उजेडात वाढही चांगली होते. उजेड हवाच आहे.

१४ ऑगस्ट

रचनेतले बदल, बर्गनला कळवलेले:

तीन पर्यायांचं बटण काढलं. त्याऐवजी क्रम लिहायचा: या तारखेपासून अखंड उजेड, या तारखेपासून बारा-बारा, मग पुन्हा अखंड. प्रत्येक टप्प्याला तारीख आणि तीव्रता.

नियंत्रक रोज एक ओळ कायमच्या स्मृतीत लिहील: आज प्रत्यक्षात किती उजेड दिला, पाणी किती अंशांवर होतं. दिव्याला ही आठवण लागत नाही, पण माशाच्या दृष्टीनं आजच्या चोवीस तासांचा अर्थ मागच्या सहा आठवड्यांवर ठरतो. ती आठवण हरवली तर पुढचा माणूस आंधळा. यासाठी एफरॅम चिप वापरतोय. वीज गेली तरी मजकूर राहतो आणि वारंवार लिहून झिजत नाही.

तापमानाचा प्रोब जोडला. लहान दिवसांनंतर अखंड उजेड सुरू आहे आणि पाणी ठरवलेल्या अंशांच्या वर गेलंय, असं एकत्र घडलं की लाल इशारा. मर्यादा त्यांनी ठरवायची, आम्ही नाही.

प्रोब आणि इशारा मागणीत नव्हते. भावाचा सूर 'साधा टायमर मागितला होता' असा होता. माझं मत ठाम आहे: साधा टायमर इथे अर्धीच माहिती सांगेल, आणि अर्ध्या माहितीवर माणूस निर्धास्त होतो. प्रोबचे पैसे आपण सोसू.

३० ऑगस्ट, साक्री तालुका

मित्राच्या मळ्यावर सिमेंटच्या हौदात दिव्याची पाण्यातली चाचणी. हौदात रोहूची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आहेत. विहिरीचं पाणी, हिरवट, पावसाळ्यामुळे थोडं गढूळ.

लक्समीटर इथे फसवतो, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे, ५५५ नॅनोमीटरच्या पोपटी उजेडाला सर्वांत जास्त गुण देणारं. निळा दिवा त्यावर कमी भरतो, माशाला मात्र तो चांगला दिसतो. म्हणून रंगवार मोजणारा सेन्सर काचेच्या बाटलीत बंद करून दोरीनं खाली सोडला. लाल पट्टा हातभर खोलीवरच घसरायला लागला. गढूळ पाण्यात निळाही भराभर मेला आणि हिरवा सर्वांत खाली पोहोचला. समुद्राचं पाणी वेगळं वागेल, पण दिव्याला निळा-हिरवा अशा दोन रंगांची एलईडी चिप निवडली ते बरं झालं.

अंधार पडल्यावर दिवा एकदम बंद करून पाहिला. हौदाचं पाणी एका क्षणात उकळल्यासारखं झालं. बोटुकली भिंतीवर आपटत होती, दोन-तीन तर काठावर उडाली, ती ओंजळीत घेऊन परत सोडली. मग तीच गोष्ट अर्ध्या तासात हळूहळू मंद करत केली. सुरुवातीला मासे दिव्याभोवती गोल फिरत होते, उजेड उतरला तसं रिंगण सैल होत गेलं आणि शेवटी टॉर्च मारला तेव्हा सगळी तळाशी पांगलेली होती. पाण्यावर एक लहर नाही. अचानक बदलणारा उजेड सॅमनलाही असाच घाबरवतो, हे वाचलं होतं. आता मंदावणं ऐच्छिक राहणार नाही. प्रत्येक चालू-बंदला सक्तीचं.

मित्राच्या वडिलांचा प्रश्न: शेततळ्यात तिलापिया सोडले की चार-सहा महिन्यांतच पिल्लं घालतात, तळं पोरांनी भरतं आणि एकही मासा ताटात घेण्याजोगा होत नाही; त्याला हा दिवा चालेल का? म्हटलं, अण्णा, टाकीतल्या काही प्रयोगांत लांब दिवसानं तिलापियाची वाढ सुधारली आणि प्रजनन मंदावलं असं दिसलंय. पण उघड्या शेततळ्यावर रात्रभर दिवे जाळायचं बिल मासा फेडणार नाही. परवानाधारक केंद्रातून फक्त नरांचं बीज आणा, ते स्वस्त पडतं. विकायला दिवा होता, पण जिथे लागत नाही तिथे कशाला.

९ सप्टेंबर

वीज जाण्याची चाचणी मुद्दाम केली, मेन स्विच हवा तेव्हा पाडून. वीज परत आल्यावर मायक्रोकंट्रोलर जागा होताना त्याच्या काही पिना क्षणभर आपोआप वर जातात. त्या पिनेवर दिवा असेल तर मध्यरात्री टाकीत लख्ख चमक. लहान दिवसांच्या काळात लांब काळोखी रात्र हाच निरोप असतो, तिच्या मधोमध चमक म्हणजे निरोपात खोडाखोड. दिव्यांच्या चारही लाइन शांत पिनांवर हलवल्या आणि प्रत्येकीला जमिनीकडे ओढणारा रेझिस्टर टाकला. नवीन बोर्ड लावताना हा रेझिस्टर 'उगाच आहे' म्हणून कुणी काढू नये.

झाकणावरचा हिरवा इंडिकेटरही काढला. टाकीच्या खोलीत अंधार म्हणजे अंधार.

१५ सप्टेंबर

बर्गनहून विचारणा: एकाच टाकीत, एकाच उजेडात, एक नर पिकतो आणि शेजारचा नाही, हे नियंत्रकाच्या नोंदीतून कळेल का?

नाही कळणार. त्यातला मोठा भाग रक्तात आहे. २०१५ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी सॅमनच्या २५ व्या गुणसूत्रावर व्हीजीएलएल३ हे जनुक पकडलं. समुद्रातून किती वर्षांनी परतायचं यातल्या फरकाचा सुमारे ३९ टक्के वाटा या एका जागेशी जोडलेला निघाला, आणि त्याचं वागणं नरात आणि मादीत वेगळं. त्यामुळे काही जण उशिरा वयात येणारं वाण निवडतात, काही फक्त माद्यांची अंडी मागवतात. तीन गुणसूत्र-संचांचे वांझ मासेही करतात. त्यातल्या माद्या पिकत नाहीत, नर मात्र बाहेरून पिकल्याची लक्षणं दाखवतातच. हे सगळं असूनही उजेड सुटत नाही, कारण अंगातलं जनुक बदलता येत नाही, पण उद्याचा दिवा बदलता येतो.

शरीर दिवसाची लांबी नेमकं कुठे वाचतं यावरही मजेदार वाचायला मिळालं. जपानात नागोया विद्यापीठाच्या गटानं २०१३ मध्ये मासू सॅमनवर दाखवलं की मेंदूच्या तळाशी असलेली सॅकस व्हॅस्क्युलोसस नावाची छोटी पिशवी ऋतू ओळखते. या पिशवीचं काम काय, हे कोडं शतकानुशतकं होतं. पिनियल वर टाळूखाली, ही खाली तळाशी. दिवा वरून लावावा की पाण्यातून, यावर आमची जी खडाजंगी झाली ती यानं मिटत नाही. पाण्यातलाच ठेवतोय, पृष्ठभागावरून परावर्तन होऊन उजेड वाया जात नाही म्हणून.

२० सप्टेंबर

माल पॅक केला. दिव्याचं घर ३१६ प्रतीच्या स्टीलचं, केबल इपॉक्सीनं बंद, काच साफ करायला ब्रशची खाच. काचेवर शेवाळ बसलं की उजेड आपोआप घटतो आणि टायमरला त्याचा पत्ताही नसतो. सूचनापत्रात पहिली ओळ तीच टाकली आहे: महिन्यातून एकदा काच पुसा. दुसरी ओळ: क्रम बदलण्याआधी मागच्या सहा आठवड्यांची नोंद वाचा.

२७ ऑक्टोबर

काल नॉर्वेत घड्याळं मागे गेली. आज नोंदींची फाइल आली. तिसऱ्या टाकीत बारा-बारा सुरू आहे. दिवा प्रमाणवेळेनुसार शनिवारी जेव्हा विझला, रविवारीही त्याच मिनिटाला विझला. भिंतीवरच्या घड्याळात तासाचा फरक पडला, टाकीत नाही.

चौथ्या टाकीचा इशारा एकदा वाजला. अखंड उजेड नुकताच सुरू झाला होता आणि पाणी त्यांच्या मर्यादेवर गेलं होतं. त्यांनी पाणी थंड केलं. नर पिकतात की नाही हे आत्ता बाहेरून दिसणार नाही. काही मासे कापून वृषणाचं वजन शरीराच्या वजनाशी ताडून पाहतील तेव्हा कळेल.

नवीन मागणी: आणखी सहा टाक्या, आणि प्रत्येकीला प्रोब 'पहिल्यासारखाच'. या वेळी प्रोबचे पैसे बिलात धरले आहेत.